देवनागरी मोनोस्पेस फॉन्ट पहिल्यांदा बनवताना: सांगलीच्या पट्टीपासून सुरुवात

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा किंवा बेदाण्याचा सौदा झाला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. माल, पोती, वजन, दर, रक्कम, मग हमाली, तोलाई आणि शेवटी हातात येणारा आकडा. बऱ्याच दुकानांत ही पट्टी अजून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवरच निघते, कारण पिनांच्या ठोक्याने कार्बनखालच्या प्रतीही एकदमच उठतात. आकडे आणि इंग्रजी नावं तिथे सरळ रेषेत एकाखाली एक बसतात. मालाचं नाव मराठीत घातलं की मात्र पुढचे सगळे कॉलम सरकतात, आणि शेतकऱ्याला आपली रक्कम बोट ठेवून शोधावी लागते.

पट्टी शेतकऱ्याच्या भाषेत आणि सरळ कॉलममध्ये निघायला हवी, एवढ्यासाठी मी देवनागरी मोनोस्पेस फॉन्ट बनवण्याच्या कामात शिरलो. या विषयावर मराठीत सलग माहिती मिळत नाही. इंग्रजीत मिळते ती लॅटिन अक्षरांपुरती असते, काना-मात्रांचं काय करायचं ते त्यात नसतं. तुम्ही पहिल्यांदाच हे करत असाल तर कोणत्या क्रमाने जायचं आणि कुठे अडखळायला होतं, ते खाली लिहितो.

मोनोस्पेस म्हणजे ज्यात प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी मिळते असा फॉन्ट. ही पद्धत टाइपरायटरची. कोणतीही कळ दाबली तरी कागद सारखाच सरकायचा, म्हणून बारीक आय आणि रुंद एम यांना एकाच मापाच्या जागेत बसावं लागलं. आयला खाली-वर पाय फुटले, एमचे तीन खांब दाटीने उभे राहिले. या फॉन्टचा स्वभाव त्या सक्तीतून आला. देवनागरीलाही तसाच स्वतःचा स्वभाव सापडू शकतो, फक्त तो शिरोरेषेतून शोधावा लागतो.

१. फॉन्ट कशासाठी हवा ते आधी ठरवा

कोड लिहिण्यासाठी, टर्मिनलसाठी (आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याची खिडकी), बिलासाठी की थर्मल प्रिंटरच्या पावतीसाठी? उत्तरानुसार रेषेची जाडी, ओळीची उंची आणि जोडाक्षरांची पद्धत बदलते. दोन इंची थर्मल प्रिंटरवर छपाईची रुंदी ३८४ ठिपक्यांची असते आणि नेहमीचं अक्षर १२ ठिपके रुंद, २४ ठिपके उंच. म्हणजे ओळीत ३२ अक्षरं. तीन इंचीवर ५७६ ठिपके, म्हणजे ४८ अक्षरं.

आता त्या २४ ठिपक्यांच्या उंचीत वरची मात्रा, शिरोरेषा, अक्षराचं अंग आणि खालचा उकार बसवून बघा. वर पाच, खाली पाच, शिरोरेषेला दोन ठिपके दिले की अंगाला बाराच उरतात. इथे नाजूक वळणांना जागाच नाही. पावतीसाठी फॉन्ट हवा असेल तर पहिल्या दिवसापासून ठिपक्यांच्या हिशेबाने रेखाटा. स्वस्त थर्मल प्रिंटरमध्ये बहुधा देवनागरी आतून नसते, मजकूर चित्राच्या रूपात पाठवावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

२. सामान जमवा

- आलेखाचा कागद, शिसपेन, आणि अक्षराचं वळण समजण्यापुरता बोरू किंवा कट-निबचं पेन
- फॉन्टफोर्ज: फॉन्ट रेखाटण्याचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. ग्लिफ्स वापरायला जास्त सोयीचं आहे, पण ते फक्त मॅकवर चालतं आणि विकत घ्यावं लागतं
- युनिकोडचा (प्रत्येक लिपीच्या प्रत्येक खुणेला संगणकासाठी क्रमांक देणारी पद्धत) देवनागरी तक्ता, छापून भिंतीवर लावलेला
- हार्फबझ: फॉन्टमधली रूपं जुळवून शब्द मांडणारं सॉफ्टवेअर, जोडाक्षरं बरोबर जुळतात का ते पाहायला
- ज्या प्रिंटरवर फॉन्ट चालणार आहे तो प्रिंटर, निदान ओळखीच्या दुकानातला
- जुन्या पट्ट्या, पावत्या आणि बिलं, जितकी मिळतील तितकी

शक्य असेल तर मराठी टाइपरायटरही एकदा चालवून बघा. टंकलेखनाच्या परीक्षा संगणकावर गेल्या, तरी जुन्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये एखादं रेमिंग्टन किंवा गोदरेज यंत्र झाकून ठेवलेलं सापडतं. पुढच्या पायरीवर त्याचा उपयोग होईल.

३. मोजणीचा करार करा

कोणत्या खुणेला किती जागा द्यायची ते एकदाच ठरवायचं, हा तो करार. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रेखाटन चुकलं तर सुधारता येतं, हा करार बदलला तर सगळी अक्षरं पुन्हा करावी लागतात.

मराठी शब्द आपण वाचतो तसा फाइलमध्ये साठवलेला नसतो. ‘गूळ’ ही आपल्यासाठी दोन अक्षरं, फाइलमध्ये मात्र ग, दीर्घ उकार आणि ळ अशा तीन खुणा. ‘शेंग’ म्हणजे श, मात्रा, अनुस्वार आणि ग, एकूण चार. बिलाचं सॉफ्टवेअर या खुणा मोजतं. मालाच्या नावाला १५ जागा ठेवल्या असतील तर ‘हळद’पुढे १२ स्पेस भरतं आणि ‘शेंग’पुढे ११. कागदावर शेंग हळदीहून लहान दिसते, तरी तिला स्पेस कमी मिळते. कॉलम वाकडे होतात ते इथे.

यावर तीन मार्ग आहेत.

पहिला: एक अक्षर, एक घर. घर म्हणजे ओळीतली सारख्या मापाची एक जागा. ‘का’ एका घरात, ‘क्ष’ एका घरात, ‘त्र्य’सुद्धा एकाच घरात. ऐकायला नीटनेटकं वाटतं, पण छापल्यावर जोडाक्षरांचा चिखल होतो. हा मार्ग सोडून द्या.

दुसरा टाइपरायटरचा. त्यात क, त यांसारखी अक्षरं एका ठोक्यात उठत. ख, ण, श अशी अक्षरं आधी अर्धं अक्षर आणि मग काना अशा दोन ठोक्यांत. मात्रा आणि अनुस्वाराच्या कळा दाबल्या तरी कागद सरकत नसे. एक घर, दोन घरं, शून्य घर, अशी ती व्यवस्था. फार शहाणी व्यवस्था होती, पण आज ‘ख’ ही युनिकोडमध्ये एकच खूण आहे, त्यामुळे ती जशीच्या तशी उचलता येत नाही.

तिसरा मार्ग युनिकोडच्या वर्गवारीचा, आणि मी तोच सुचवतो. अक्षरांना लागणाऱ्या खुणांचे युनिकोडने दोन गट केले आहेत. काना, ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी, ओ-औची चिन्हं, ‘ऑ’चं चिन्ह आणि विसर्ग या जागा घेणाऱ्या खुणा. उकार, एक आणि दोन मात्रा, अनुस्वार, ‘कृ’मधला ऋकार, ‘बॅ’वरचा चंद्र आणि पाय मोडण्याची खूण या जागा न घेणाऱ्या. मग नियम सोपा होतो: प्रत्येक व्यंजनाला आणि स्वराला एक घर, जागा घेणाऱ्या खुणेला एक घर, बाकीच्यांना शून्य.

- हळद: ३ खुणा, ३ घरं
- गूळ: ३ खुणा, २ घरं
- शेंग: ४ खुणा, २ घरं
- बेदाणा: ६ खुणा, ५ घरं
- ज्वारी: ६ खुणा, ५ घरं
- कवठेमहांकाळ: ११ खुणा, ९ घरं

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला एवढंच सांगायचं, की स्पेस भरताना खुणा मोजू नका, घरं मोजा. जागा न घेणाऱ्या खुणा वजा केल्या की झालं. बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांत खुणेचा गट विचारण्याची सोय असते. फॉन्ट कितीही चांगला असला तरी हा बदल सॉफ्टवेअरमध्ये केल्याशिवाय कॉलम सरळ येणार नाहीत. काम हाती घेण्याआधीच दुकानदाराशी आणि त्याच्या सॉफ्टवेअरवाल्याशी हे बोलून घ्या. टर्मिनलसाठी फॉन्ट करत असाल तर प्रत्येक टर्मिनलची मोजणी थोडी वेगळी असते, तेव्हा ज्यावर चालवायचा आहे त्यावरच तपासा.

४. घराची रुंदी ठरवा

फॉन्ट रेखाटताना अक्षराची चौकट बारीक भागांत मोजतात, त्या भागाला युनिट म्हणतात. एक हजार युनिटच्या चौकटीत ६०० युनिटचं घर, हे जुनं आणि टिकलेलं माप आहे. १९५० च्या दशकात हॉवर्ड केटलर यांनी आयबीएमच्या टाइपरायटरसाठी कुरिअर रेखाटलं; संगणकावर आलेल्या कुरिअरची रुंदी ६०० च आहे. १२ पॉइंटमध्ये छापलं की इंचात बरोबर १० अक्षरं बसतात, आणि आठ इंचांच्या कागदावर ८० कॉलम. बिलांचे बहुतेक नमुने या ८० च्या हिशेबानेच आखलेले असतात.

देवनागरीला ६०० थोडं अंगाला घट्ट होतं. तरीही तेच ठेवा. खात्री करायची असेल तर ख, झ, अ, ण ही अक्षरं आणि ‘काका’, ‘बेदाणा’ हे शब्द ५००, ५५०, ६०० आणि ६५० अशा चार रुंद्यांत छापून भिंतीवर लावा. अरुंद घरात ‘झ’ची पोकळी भरून जाते, रुंद घरात काना आपल्या अक्षरापासून तुटून दूर उभा दिसतो. दोन्ही सहन होतील अशी जागा तुमच्या डोळ्यांना सापडेल.

५. अवघड अक्षरं आधी रेखाटा

क, ग, प पासून सुरुवात करायचा मोह होतो. त्याऐवजी सर्वांत बारीक आणि सर्वांत रुंद अक्षरं आधी घ्या: र, काना, द एका बाजूला, झ, ख, अ, ण दुसऱ्या बाजूला. हे दोन गट एका ओळीत शेजारी-शेजारी शोभले की मधली अक्षरं फार त्रास देत नाहीत.

र. याला मुळात जागा कमी लागते. घर भरायला दोन उपाय आहेत: पोट जरा रुंद करा आणि खालचा फराटा उजवीकडे लांब न्या. उरलेली जागा शिरोरेषा भरते. लॅटिनमध्ये आयला पाय जोडावे लागले, आपल्याकडे शिरोरेषा घराच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाते आणि शब्द आपोआप बांधला जातो. देवनागरी मोनोस्पेसला मिळालेली ही फार मोठी सवलत आहे. तिचा पुरेपूर फायदा घ्या.

काना. एवढ्या मोठ्या घरात एकटा दंड. तो मध्यभागी ठेवू नका. काना मागच्या अक्षराचा असतो, म्हणून तो घराच्या डावीकडच्या एक तृतीयांश भागात उभा करा. शब्दाच्या शेवटी काना आला की उजवीकडे शिरोरेषेचं शेपूट उरतं. ते खटकत असेल तर शब्दाअखेरीसाठी कान्याचं आखूड शिरोरेषेचं वेगळं रूप करा, घराची रुंदी मात्र तीच ठेवा.

दंड असलेली अक्षरं. ग, त, न, प, म या सगळ्यांचा दंड उजव्या कडेला असतो. सगळ्यांना सारखीच रुंदी दिली की ‘नमन’ किंवा ‘पतन’ अशा शब्दांत दंड कुंपणाच्या खांबांसारखे ठरावीक अंतरावर येतात आणि डोळा अक्षरांऐवजी दंडच वाचू लागतो. उपाय म्हणजे प्रत्येक अक्षराचा दंड वीस-तीस युनिट इकडेतिकडे हलवायचा. ‘ग’चा थोडा आत, ‘म’चा कडेला. फरक दिसत नाही, पण ओळ मोकळी होते.

जाडी. सगळ्या अक्षरांना एकच जाडी दिली तर झ आणि ण काळे दिसतात, र आणि द फिके. भरगच्च अक्षरांच्या आतल्या रेषा जरा बारीक करा, मोकळ्या अक्षरांच्या जाड करा. हे मोजून करता येत नाही. पान छापायचं, हातभर लांब धरायचं, डोळे किंचित मिटायचे आणि काळे डाग कुठे दिसतात ते पाहायचं.

सापळे. घ-ध आणि म-भ या जोड्या शिरोरेषेतल्या तुटीवर ओळखल्या जातात. अरुंद घरात ही तूट लहान होते आणि झिजलेल्या रिबनवर भरून जाते. ती मुद्दाम मोठी ठेवा, ‘ध’ आणि ‘भ’ची वरची गाठही ठळक काढा. ‘ख’ आणि ‘रव’ यांचा गोंधळ तर जुनाच आहे, आणि इथे तो वाढतो, कारण अक्षरांमधलं अंतर काही सांगत नाही. ‘ख’ एका घरात आणि ‘रव’ दोन घरांत असले तरी ‘ख’चे दोन्ही भाग तळाशी स्पष्टपणे जोडा.

ल आणि श यांची मराठी वळणं हिंदी छपाईपेक्षा वेगळी आहेत, आकड्यांत ५, ८, ९ यांचीही. फॉन्ट मराठीसाठीच असेल तर मराठी वळणं मूळ रूप म्हणून ठेवा. भाषा ओळखून रूप बदलण्याच्या सोयीवर अवलंबून राहिलात तर साध्या बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती चालू झाली नाही तरी तुम्हाला कळणार नाही.

६. जोडाक्षरं

करार पाळायचा तर क्ष, ज्ञ, श्र यांना दोन-दोन घरं मिळतात, म्हणजे १२०० युनिट. एवढी ऐसपैस जागा या अक्षरांना साध्या फॉन्टमध्येही मिळत नाही. ज्ञ मोकळा काढा, तो सुंदर दिसतो.

त्रास होतो तो ‘र’च्या रूपांचा. ‘प्र’मध्ये र म्हणजे ‘प’च्या दंडाला लागलेली एक तिरपी रेघ, पण घरं दोन. ‘कर्ज’मधला रफारही ‘ज’च्या डोक्यावर बसतो आणि त्याचं घर रिकामं राहतं. मी ‘प’ आणि ‘ज’ची रुंद रूपं वेगळी रेखाटायचा सल्ला देईन: अंग साधारण दीडपट, बाकी शिरोरेषा. स्पेस भरणारं सॉफ्टवेअर तुमच्याच हातात असेल तर याहून चांगला मार्ग आहे. रफाराला आणि खालच्या रकाराला शून्य घर धरा, आणि तो अपवाद करारात लिहून ठेवा.

‘पट्टी’मधल्या ‘ट्ट’ला एकाखाली एक रचू नका. पहिल्या ‘ट’चा पाय मोडून दाखवा आणि दुसरा ‘ट’ पुढच्या घरात ठेवा. वाचायला अडचण येत नाही आणि ओळीची उंचीही वाढत नाही.

‘कऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ विसरू नका. युनिकोडमध्ये तो खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ने लिहिला जातो. मराठीबाहेरच्या कामांत हे रूप राहून जातं, आणि मग सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याचं नाव पावतीवर मोडलेल्या पायाने छापलं जातं.

ऱ्हस्व वेलांटीच्या बाबतीत मात्र सुख आहे. साध्या देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक रुंदीच्या अक्षरासाठी वेलांटीची वेगवेगळी लांबी लागते. इथे रुंद्या दोनच, म्हणून वेलांट्याही दोनच: ‘कि’ची आणि ‘क्षि’ची. तीन व्यंजनं एकत्र येणारा शब्द क्वचितच लागतो, त्याला दुसरीच चालवा.

७. आकडे आणि विरामचिन्हं

बिलात खरं काम आकड्यांचं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही आकडे, स्पेस, स्वल्पविराम, दशांशचिन्ह, रुपयाचं चिन्ह, उणेचं चिन्ह या सगळ्यांची रुंदी बरोबर ६०० असली पाहिजे. इंग्रजी 3, 6 आणि 8 यांच्या आतल्या पोकळ्या चांगल्या मोकळ्या ठेवा, कार्बनच्या तिसऱ्या प्रतीवर त्या भरून जातात. मराठी १ आणि ९ शेजारी छापून बघा. इंग्रजी शून्याच्या आत तिरपी रेघ किंवा ठिपका द्या, म्हणजे ओ अक्षराशी घोळ होत नाही.

८. फाइलमधल्या खुणा

रेखाटन संपलं तरी संगणकाला हा फॉन्ट मोनोस्पेस आहे हे सांगावं लागतं. तीन ठिकाणं तपासा:

- फॉन्टच्या फाइलमधल्या ‘पोस्ट’ नावाच्या टेबलमध्ये ‘रुंदी स्थिर’ ही खूण चालू करा. आपल्याकडे शून्य आणि दोन घरांची रूपं असल्यामुळे साधन ती आपणहून चालू करेलच असं नाही, आणि ती नसेल तर काही टर्मिनलच्या यादीत फॉन्ट दिसतच नाही.
- पॅनोजमध्ये, म्हणजे फॉन्टच्या घडणीचं आकड्यांत वर्णन करणाऱ्या नोंदीत, प्रमाणाची किंमत ९ ठेवा. ९ म्हणजे मोनोस्पेस.
- सरासरी रुंदी हाताने ६०० लिहा. ती आपोआप काढू दिली तर १२०० वाली जोडाक्षरं सरासरी फुगवतात, आणि काही प्रोग्रॅम त्या फुगलेल्या आकड्याने अक्षरं लांब-लांब मांडतात.

ओळीची उंची लॅटिनपुरती ठेवू नका, नाहीतर ‘कीर्तीं’चा माथा आणि ‘ट्रू’चा पाय कापला जाईल.

९. तपासणी

छापायचा पहिला नमुना म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या तालुक्यांची यादी, एकाखाली एक आणि प्रत्येकापुढे रकमेचा कॉलम: मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत, खानापूर, पलूस, कडेगाव, वाळवा, शिराळा, आटपाडी. सर्वांत लहान ‘जत’ आणि सर्वांत लांब ‘कवठेमहांकाळ’ यांच्यापुढचे आकडे एका रेषेत आले तर करार पाळला गेला आहे. मग अवघड शब्द: कऱ्हाड, म्हैसाळ, द्राक्ष, औंध, महाबळेश्वर, कृष्णा. दाट जोडाक्षरांसाठी मराठी विश्वकोशातली रसायनशास्त्रावरची एखादी नोंद घ्या. वाईला तयार झालेल्या त्या नोंदींत फॉन्टचा कस लागेल अशी जोडाक्षरं ओळीओळीला भेटतात.

हे पडद्यावर पाहून समाधान मानू नका. ज्या प्रिंटरवर पट्टी निघणार आहे त्यावर, जुन्या रिबनने, तिसऱ्या प्रतीपर्यंत छापा. आणि ती प्रत चष्मा लावणाऱ्या हमालाला किंवा शेतकऱ्याला वाचायला द्या. तो कुठे अडतो तिथे खूण करा.

१०. परवाना आणि दुकानात बसवणं

लॅटिन भाग स्वतः रेखाटायचा नसेल तर ओपन फॉन्ट लायसन्सखाली असलेला मोनोस्पेस फॉन्ट जोडता येतो. तसं केलं तर तुमचा फॉन्टही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, तो एकटा विकता येत नाही, आणि मूळ फॉन्टचं नाव राखीव असेल तर ते तुमच्या नावात वापरता येत नाही. परवान्याची मजकूर-फाइल फॉन्टसोबत द्या. विकतच्या फॉन्टवरून अक्षरं गिरवू नका.

दुकानातल्या प्रत्येक संगणकावर एकच आवृत्ती बसवा आणि आवृत्तीचा क्रमांक फॉन्टच्या माहितीत लिहा. एका यंत्रावर फॉन्ट नसेल तर विंडोज न सांगता दुसरा फॉन्ट वापरतं आणि कॉलम पुन्हा हलतात. पट्टी व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर पीडीएफ करतानाच फॉन्ट आत बसवा, आणि ती फाइल पाठवण्याआधी ज्या फोनवर हा फॉन्ट नाही अशा फोनवर एकदा उघडून बघा.